पाण्याखालचे बोलणे : पहिल्या बुडीआधी कोणत्या खुणा शिकवाव्यात?

शिंपला :

गेल्या फेब्रुवारीत मी आणि माझी पंधरा वर्षांची मुलगी मालवणला स्कूबा डायव्हिंग करायला गेलो होतो. दोघींचीही ती पहिलीच वेळ होती. होडी सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जात असताना, इंजिनाच्या आवाजात, आम्हा आठ जणांना मिळून पाचेक मिनिटांत सगळ्या खुणा सांगण्यात आल्या. अर्धे बोलणे हिंदीत होते आणि अर्धे इंग्रजीत. मुलीने समजल्यासारखी मान डोलावली आणि मीही डोलावली.

पाण्यात गेल्यावर मासे पाहून तिला इतका आनंद झाला की तिने प्रशिक्षकाला अंगठा वर करून दाखवला, जसा आपण फोनवर रोज पाठवतो. पाण्याखाली त्या खुणेचा अर्थ 'वर चला' असा असल्यामुळे त्याने तिला लगेच वर आणले. इथपर्यंत काही बिघडले नव्हते. दुसऱ्यांदा खाली जाताना मात्र तिचा उजवा कान दुखू लागला आणि 'मला बरे वाटत नाही' हे सांगण्यासाठी तिने अंगठा खाली केला. त्या खुणेचा अर्थ 'खाली चला' असा होतो, म्हणून प्रशिक्षक तिला आणखी खाली घेऊन गेला. तिने पुन्हा अंगठा खाली केला आणि तो पुन्हा खाली गेला. घरी आल्यावर कान-नाक-घसा तज्ज्ञांनी पडद्याला सूज असल्याचे सांगितले. तीन आठवडे तिचे पोहणे बंद होते. आता कान पूर्ण बरा आहे.

मला कोणाविरुद्ध तक्रार मांडायची नाही. तो तरुण मुलगा मनापासून काम करत होता आणि तिने जे सांगितले तेच त्याने तंतोतंत केले, हेच मला सर्वांत अस्वस्थ करते. ज्यांना अनुभव आहे त्यांना माझा प्रश्न असा आहे, की आयुष्यात पहिल्यांदाच पाण्याखाली जाणाऱ्या माणसाला नेमक्या किती आणि कोणत्या खुणा शिकवाव्यात, आणि त्या त्याला खरोखर समजल्या आहेत हे कसे तपासावे? मुलीला पावसाळ्यानंतर पुन्हा जायचे आहे.

पाणकोळी :

मी या किनाऱ्यावर अनेक हंगाम प्रशिक्षक म्हणून काम केले आणि नंतर काही वर्षे अंदमानात होतो. तुमच्या मुलीच्या बाबतीत जे घडले ते आमच्या धंद्यातील सर्वांना ठाऊक असलेले संकट आहे. पाण्याखाली अंगठा म्हणजे दिशा असते, मत नसते. माशांचे कौतुक वर केलेल्या अंगठ्याने केले तर बुडी थोडी लवकर संपते, एवढेच. पण त्रास सांगण्यासाठी अंगठा खाली केला, तर त्रास वाढतो.

कान पहिल्या तीन-चार मीटरमध्येच का दुखतो हेही सांगतो, कारण पुष्कळांना वाटते की एवढ्या उथळ पाण्यात काही होणे शक्य नाही. पृष्ठभागावर आपल्यावर एका वातावरणाचा दाब असतो आणि दहा मीटर खाली तो दोन वातावरणांचा, म्हणजे दुप्पट होतो. पुढच्या दहा मीटरमध्ये तो दोनाचा तीन होतो, म्हणजे दीडपटच वाढतो. पडद्याआडच्या हवेचे आकारमान सर्वांत झपाट्याने बदलते ते पृष्ठभागाजवळ. म्हणून नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच हवा ढकलायची आणि कान मोकळे करायचे, हे दुखू लागण्याच्या आधीपासून, दर हातभर खोलीला करावे लागते. एकदा दुखू लागले की जोर लावायचा नाही. एखादा मीटर वर यायचे, कान मोकळा करायचा आणि मगच खाली जायचे.

मी स्वतः नवख्या पाहुण्याला चारच खुणा शिकवत असे. अंगठा आणि तर्जनी जुळवून 'ठीक', अंगठ्याने 'वर', तळहात समोर धरून 'थांबा', आणि पंजा आडवा पसरून डोलवत 'काहीतरी गडबड आहे'. ही शेवटची खूण करून झाली की जिथे त्रास असेल तिथे बोट दाखवायचे, मग तो कान असो, मास्क असो किंवा पोट. 'खाली' ही खूण मी पाहुण्याला मुद्दाम शिकवत नसे, कारण खाली जायचे की नाही हे त्याने मला सांगण्याची गरजच नसते. जी खूण त्याला ठाऊक नाही, ती तो चुकून करण्याची शक्यता पुष्कळ कमी होते.

दीपस्तंभ :

पाणकोळी, आपल्या अनुभवाचा आदर ठेवून मी थोडा वेगळा विचार मांडतो. न शिकवलेली खूणच इथे घातक ठरली, असे मला वाटते. मुलीला 'अंगठा खाली' ही डायव्हरांची खूण आहे हे बहुधा लक्षात राहिले नव्हते, तरीही तिने ती केली, कारण पाण्याबाहेर तिला तिचा दुसरा अर्थ ठाऊक होता. म्हणून ही खूण वगळून चालणार नाही. उलट 'हे अजिबात करायचे नाही' असे म्हणून ती दाखवायला हवी.

बाकी संख्या कमी असावी याच्याशी मी सहमत आहे. पहिल्या बुडीत प्रशिक्षक पाहुण्याचे सिलिंडर हातात धरूनच चालवतो, हवेचा काटाही तोच पाहतो. घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात दहा खुणा कोंबल्या तर त्याला आयत्या वेळी एकही आठवत नाही.

वाळूचा_कण :

हवा संपल्याची खूण तुमच्या दोघांच्याही यादीत नाही, याचे मला आश्चर्य वाटले. गळ्यासमोरून हात आडवा फिरवायचा, ही खूण मला पहिल्याच दिवशी शिकवली होती आणि ती मी कधीही वगळणार नाही.

पाणकोळी :

वाळूचा_कण, प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमात ती खूण हवीच, त्याबद्दल दुमत नाही. तिथे माणूस स्वतंत्रपणे पोहतो, १८ मीटरपर्यंत जातो आणि स्वतःच्या व जोडीदाराच्या हवेला जबाबदार असतो. नवख्याच्या ओळखीपुरत्या बुडीत मात्र पाहुणा आणि मी यांच्यामध्ये हातभरही अंतर नसते. त्याला हवा येईनाशी झाली तरी त्याने 'वर' दाखवले किंवा नुसता माझा हात घट्ट पकडला तरी पुरते, कारण पुढची प्रत्येक कृती मीच करणार असतो.

दीपस्तंभांचे म्हणणे मात्र मला पटले. यापुढे कोणाला शिकवण्याची वेळ आली, तर 'अंगठा खाली' ही खूण मी 'करू नये' म्हणून दाखवीन.

भरतीओहोटी :

एक मूलभूत शंका विचारतो. एवढ्या खुणांची यातायात करण्याऐवजी बोलता येईल असा मास्क का वापरत नाहीत? दूरचित्रवाणीवर काही डायव्हर पाण्याखालून बोलताना मी पाहिले आहेत.

सागरगोटा :

भरतीओहोटी, तसे मास्क आहेत, आणि माझे सारे आयुष्य पाण्याखालच्या माणसाचा आवाज ऐकण्यातच गेले आहे. मी मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रात, डायव्हरांना आधार देणाऱ्या जहाजावर, आधी सहायक आणि पुढे पर्यवेक्षक म्हणून काम करत होतो. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर असलेल्या या क्षेत्रात १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या समुद्रात विहिरी खोदणाऱ्या फलाटाने तेल शोधले. तिथे समुद्राची खोली ७५ मीटरच्या आसपास आहे. तळावरच्या तेलवाहिन्या आणि फलाटांचे पाय यांची देखभाल करणारे डायव्हर जहाजावरच्या दाबबंद कोठीत आठवडेच्या आठवडे राहतात, घंटेच्या आकाराच्या यानातून खाली उतरतात, काम करून पुन्हा त्याच कोठीत परततात आणि शेवटी काही दिवस घेऊन हळूहळू दाब उतरवून बाहेर येतात.

यानातून बाहेर पडलेल्या डायव्हरला जोडलेल्या जाड केबलीला अंबिलिकल म्हणतात, म्हणजे अक्षरशः नाळ. तिच्यातून त्याला श्वासाचा वायू जातो, अंग उबदार ठेवणारे गरम पाणी जाते, खोली मोजणारी नळी जाते आणि बोलण्याची तारही जाते. मात्र त्या खोलीवर साधी हवा चालत नाही, कारण दाबाखालचा नायट्रोजन मेंदूला गुंगी आणतो. त्याऐवजी हेलियम आणि ऑक्सिजन यांचे मिश्रण देतात. हेलियममध्ये ध्वनी हवेच्या जवळजवळ तिप्पट वेगाने जातो, त्यामुळे घसा आणि तोंड यांच्या पोकळीतून घुमणारे स्वर वर सरकतात आणि माणूस बदकासारखा बोलू लागतो. तो आवाज पुन्हा माणसासारखा करणारे यंत्र आमच्या टेबलावर असे, तरीही नव्या पर्यवेक्षकाचा कान तयार व्हायला बरेच दिवस लागत.

या सगळ्या यंत्रणेतून मी एक गोष्ट शिकलो आणि ती शिंपला यांच्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे. आमच्याकडे 'क्रेन खाली घ्या' असे डायव्हरने सांगितले, की ते शब्द मी जसेच्या तसे उच्चारून दाखवत असे, त्याने होकार दिल्यावरच क्रेन हलत असे आणि हलताना पुन्हा सांगितले जात असे. माझी आज्ञाही त्याने परत उच्चारल्याखेरीज पोहोचली असे मी मानत नसे. चाळीस टनांचा भार एका माणसाच्या डोक्यावर लटकत असताना 'मला वाटले तू असे म्हणालास' या वाक्याला जागा नसते. मुलीने अंगठा खाली केला तेव्हा प्रशिक्षकाने तीच खूण परत करून दाखवली असती आणि वर 'ठीक?' असे विचारले असते, तर तिने मान हलवून, हात झटकून, काहीही करून नकार दिला असता.

आणखी एक सांगतो. शब्दांपेक्षा मी डायव्हरचा श्वास अधिक ऐकत असे. माणूस 'सगळे ठीक आहे' म्हणतो तेव्हाही त्याच्या श्वासाचा ताल बिघडलेला असू शकतो.

ध्वनिलहर :

सागरगोटा यांनी तारेवरचे बोलणे सांगितले. तारेशिवाय बोलणे का अवघड आहे हे मी सांगतो, कारण ध्वनी हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. आपले मोबाइल आणि वॉकीटॉकी ज्या रेडिओलहरींवर चालतात त्या खाऱ्या पाण्यात काही सेंटिमीटरमध्येच शोषल्या जातात. पाणबुड्यांना संदेश पाठवण्यासाठी अतिशय कमी वारंवारतेच्या लहरी वापराव्या लागतात. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ आयएनएस कट्टबोम्मन हे नौदलाचे केंद्र त्यासाठीच आहे. पण त्या लहरीही पाण्यात थोड्याच मीटरपर्यंत उतरतात, त्यांवरून शब्द संथपणे जातात आणि पाणबुडीला त्याच वाटेने उत्तर देता येत नाही, कारण त्या पाठवण्यासाठी मैदानाएवढे अँटेना लागते.

म्हणून समुद्रात संदेशवहन होते ते मुख्यतः ध्वनीने. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो आणि समुद्राच्या पाण्यात सुमारे १५०० मीटर. हा वेग वरदान वाटतो, पण डायव्हरसाठी तो एक अडचणही आणतो. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे आपला मेंदू दोन कानांपर्यंत तो पोहोचण्यातल्या वेळेच्या सूक्ष्म अंतरावरून ओळखतो. पाण्यात ते अंतर चौपटीहून अधिक आक्रसते, शिवाय आवाज कवटीच्या हाडांतूनही आत शिरतो. त्यामुळे होडीचे इंजिन ऐकू येते, पण ते डोक्यावर आहे की दूर, हे कळत नाही. प्रशिक्षक सिलिंडरवर धातूचा तुकडा आपटून लक्ष वेधतो, तेव्हा नवखा माणूस गोल गोल फिरून त्याला शोधत राहतो तो याच कारणाने.

भरतीओहोटी यांनी विचारलेले बिनतारी मास्क माणसाचा आवाज श्राव्यमर्यादेपलीकडच्या ध्वनीवर स्वार करून पाठवतात आणि दुसऱ्या मास्कमध्ये तो परत मूळ रूपात आणतात. चेहरा पूर्ण झाकणारा तो मास्क महाग असतो, वापरायला वेगळे प्रशिक्षण लागते आणि खडकाआड गेले की आवाज तुटतो. यंत्रायंत्रांतल्या बोलण्यासाठी 'नाटो'ने २०१७ मध्ये 'जेनस' नावाची समान पद्धत ठरवली. २०२२ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी साध्या स्मार्टफोनच्या स्पीकर-माइकवरून पाण्याखाली संदेश पाठवणारे अ‍ॅप दाखवले. त्यात २४० ठरावीक संदेश होते आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की ते संदेश डायव्हरांच्या हातखुणांवरूनच घेतलेले होते. नवे तंत्रज्ञानही त्या जुन्या शब्दकोशाकडेच वळले.

मौनभाषा :

मी हा धागा वाचत होते आणि लिहावे की नाही असा विचार करत होते. माझा थोरला भाऊ जन्मतः बहिरा आहे. आम्ही दोघांनी स्वराज द्वीप येथे, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉक बेटावर, डायव्हिंगचे प्रमाणपत्र घेतले. भारतीय सांकेतिक भाषा आमच्या घरात मराठीइतकीच बोलली जाते.

प्रशिक्षकाला सुरुवातीला काळजी वाटत होती की याला सूचना कशा समजतील. पाण्यात उतरल्यावर पंधरा मिनिटांत चित्र उलटे झाले. बाकीचे पाचही जण 'ठीक' आणि 'वर' एवढ्यावर अडले होते. माझा भाऊ मात्र मला सांगत होता की त्या मोठ्या गोबऱ्याच्या तोंडात एक छोटा मासा शिरून साफसफाई करतो आहे, तो आधी घाबरला होता, आता नाही, आणि डावीकडच्या बाईंचा मास्क सारखा गळतो आहे, त्यांच्याकडे प्रशिक्षकाचे लक्ष नाही. ही शेवटची गोष्ट मी प्रशिक्षकाच्या हाताला धरून दाखवली आणि ती खरी होती. आम्हा ऐकणाऱ्यांना पाण्याखाली गेल्यावर मुके झाल्यासारखे वाटते, तर त्याच्यासाठी भोवतालचे जग पहिल्यांदाच त्याच्या भाषेत बोलू लागले होते.

तरीही एक अडचण त्याने मला नंतर समजावून सांगितली आणि ती मला कधी सुचली नसती. सांकेतिक भाषेत चेहरा हे व्याकरण असते. भुवया उंचावल्या की विधानाचा प्रश्न होतो. मास्कने कपाळ आणि भुवया झाकल्या जातात, श्वासासाठी तोंडात धरलेल्या रेग्युलेटरने तोंड झाकले जाते, त्यामुळे त्याची भाषा पाण्याखाली अर्धीच उरते. शिवाय एका हातात टॉर्च किंवा कॅमेरा असेल तर दोन हातांच्या खुणा एका हाताने कराव्या लागतात. त्यावर आम्ही उपाय शोधला तो असा, की प्रश्न विचारायचा असेल तर खूण करून हात तसाच स्थिर धरून ठेवायचा. सागरगोटा यांनी सांगितलेली उत्तराची पद्धतही आम्ही नकळत पाळत होतो, कारण सांकेतिक भाषेत बोलताना समोरचा पाहत आहे की नाही याची खात्री केल्याशिवाय कोणी बोलायला सुरुवातच करत नाही.

दीपस्तंभ :

मौनभाषा, हा अनुभव वाचून फार आनंद झाला. फक्त एवढेच नोंदवावेसे वाटते की आपल्या भावामागे आयुष्यभराचा सराव आहे. तासाभरासाठी आलेल्या पर्यटकाकडून आपण तशी अपेक्षा करू शकत नाही.

मौनभाषा :

खुणांच्या संख्येची अपेक्षा नक्कीच करू शकत नाही. पण आधी नजर मिळवायची आणि मग खूण करायची, ही सवय लावायला पाच मिनिटेही लागत नाहीत. मुलीच्या प्रसंगात प्रशिक्षकाने अंगठा पाहिला, परंतु तिचे डोळे पाहिले असावेत असे मला वाटत नाही.

वाळूचा_कण :

डोळेही दिसत नाहीत अशा पाण्याबद्दल थोडे लिहिते. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने सागरी पुरातत्त्वाचे मोठे काम केले आहे. डॉ. एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली द्वारकेचे काम झाले, आणि पुढे संस्थेने गोव्याच्या किनाऱ्यालगत सुंची रीफ या बुडीत खडकावरच्या सतराव्या शतकातील पोर्तुगीज जहाजाचे काम केले, जिथे हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दातही सापडले. त्या कामांविषयी वाचून मी हौसेने पाण्याखालच्या मोजमापाचे प्रशिक्षण घेतले. आमचा सराव खाडीच्या तोंडाशी होता आणि पाणी इतके गढूळ होते की पसरलेल्या हाताचा पंजा दिसत नसे.

तिथे बोलणे चालते ते दोरीने. होडीवरून एक ओढ आली की अर्थ 'ठीक आहेस ना?' आणि आपण एक ओढ दिली की 'ठीक आहे'. होडीवरून चार ओढी म्हणजे 'वर ये' आणि आपल्याकडून चार म्हणजे 'मला वर घ्या'. दोन-दोन-दोन अशा ओढी दिल्या तर 'मी अडकलो आहे, दुसरा डायव्हर पाठवा', आणि तीन-तीन-तीन म्हणजे 'अडकलो आहे, पण स्वतः सुटू शकतो'. हेल्मेट आणि जड बूट घालून उतरणाऱ्या जुन्या डायव्हरांपासून ही पद्धत चालत आली आहे. आलेली ओढ तशीच परत द्यायची हा तिचा पहिला नियम, म्हणजे सागरगोटा यांचा क्रेनचा नियमच.

थोडी उजेडाची जागा मिळाली की आम्ही पाटीवर लिहीत असू. खरखरीत पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पाटीवर साधी शिसपेन्सिल पाण्याखाली उत्तम उमटते. पाटी पांढरीच हवी. लाल रंग पाण्यात सर्वांत आधी शोषला जातो, त्यामुळे थोड्याच खोलीवर लाल वस्तू काळपट करडी दिसू लागते.

थंड_पाणी :

मी इंग्लंडमध्ये राहते आणि लेस्टरशायरमधील स्टोनी कोव्ह नावाच्या, पाण्याने भरलेल्या जुन्या दगडखाणीत डायव्हिंग करते. इथे जाड हातमोजे घालावे लागतात, त्यामुळे 'ठीक' आणि 'तीन बोटे' यांत दुरून फरक कळत नाही. आम्ही पूर्ण हाताने, मोठ्या हालचालींनी खुणा करतो. अंधारात टॉर्चचे सावकाश वर्तुळ म्हणजे 'ठीक' आणि झपाझप आडवा हलणारा प्रकाश म्हणजे संकट. झोत समोरच्याच्या डोळ्यांवर न टाकता आपल्याच हातावर टाकायचा आणि त्या उजेडात खूण करायची.

माझ्या जोडीदाराची एक सवय मला फार आवडते. ३० मीटरच्या आसपास नायट्रोजनची गुंगी चढू शकते आणि गुंगीत माणूस यांत्रिकपणे 'ठीक' दाखवत राहतो. म्हणून तो मला बोटांनी एक आकडा दाखवतो आणि मी त्याहून एक जास्त दाखवायचे असते. त्याने तीन दाखवली की मी चार. मी नुसती तीनच परत दाखवली, तर आम्ही दोघे वर निघतो. परत केलेली खूणही कधीकधी पुरेशी नसते, हे सागरगोटा यांच्या मुद्द्याला जोडून सांगावेसे वाटले.

सागरगोटा :

थंड_पाणी, अगदी योग्य. आम्हीही डायव्हरला 'ठीक आहेस का?' असे विचारण्याऐवजी 'काटा किती दाखवतो?' असे विचारत असू. ज्या प्रश्नाचे उत्तर विचार केल्याशिवाय देता येत नाही, तोच प्रश्न उपयोगाचा.

शिंपला :

सर्वांचे मनापासून आभार. हे सर्व मी मुलीला वाचून दाखवले. घरात चर्चा सुरू असताना माझ्या सासऱ्यांनी एक गोष्ट लक्षात आणून दिली. ते म्हणाले, "आमच्या लहानपणी अंगठा दाखवणे म्हणजे ठेंगा दाखवणे, समोरच्याला साफ नकार देणे." त्यांच्या लेखी वर केलेला अंगठा हा अपमान होता, नातीच्या लेखी ती शाबासकी आहे आणि डायव्हरच्या लेखी ती दिशा आहे. एकाच घरात एका अंगठ्याचे तीन अर्थ असतील, तर चालत्या होडीत पाच मिनिटांत सांगितलेला चौथ्याच माणसाचा अर्थ टिकणार कसा?

म्हणून माझ्या मूळ प्रश्नात एक भर घालते. या खुणा मराठीत समजावून सांगितल्या, आपल्या सवयीच्या हावभावांशी जोडून दिल्या, तर त्या अधिक पक्क्या बसतील का?

पाणकोळी :

नक्कीच बसतील आणि निम्मे काम आधीच झालेले आहे. जेवण उत्तम झाले की आपण अंगठा आणि तर्जनी जुळवून दाखवतो, तीच डायव्हरची 'ठीक' ही खूण. मी पाहुण्यांना सांगत असे, की मासे आवडले तर जेवणाला दाद देता तशी दाद द्या. 'गडबड आहे' या खुणेसाठी, भाजीत मीठ कमी-जास्त झाल्यावर आपण हात डोलवतो तसाच डोलवा, असे सांगितले की कोणी विसरत नसे. अडचण येते ती मानेची. आपली मान 'हो'साठीही डोलते आणि 'बरं, बघू'साठीही, शिवाय पाण्यात ती लाटेबरोबरही डोलते. म्हणून मान हिशेबात धरायचीच नाही.

वेळेबद्दल मात्र प्रामाणिकपणे सांगतो. सुट्टीच्या दिवसांत एकामागून एक होड्या भरतात आणि किनाऱ्यावर शिकवायला घेतलेली पंधरा मिनिटे म्हणजे दिवसाकाठी एक फेरी कमी. जो प्रशिक्षक ती पंधरा मिनिटे देतो त्याची कमाई कमी होते. तुम्ही आरक्षण करतानाच 'खुणा वाळूवर शिकवाल का?' असे विचारा. पाच ग्राहकांनी विचारले तर सहाव्यासाठी ती पद्धत आपोआप पडेल.

दीपस्तंभ :

माझ्या सुरुवातीच्या मताला मी एक जोड देतो. खुणा चारच असू द्याव्यात, पण प्रत्येक खूण पाहुण्याने प्रशिक्षकाला करून दाखवावी. सांगणाऱ्याने सांगितले म्हणजे शिकवले, असे आपण गृहीत धरतो, तिथेच चूक होते.

शिंपला :

नोव्हेंबर उजाडला आणि आम्ही जाऊन आलो, म्हणून हा धागा पुन्हा वर आणते.

आरक्षण करताना मी पाणकोळी यांचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. पहिल्या दोन ठिकाणी 'होडीत सांगतो ना' असे उत्तर मिळाले. तिसऱ्या ठिकाणच्या प्रशिक्षकाने आम्हाला अर्धा तास आधी बोलावले, वाळूवर बसवले आणि मालवणीतून सगळे समजावले. मुलीने चारही खुणा करून दाखवल्या, मग त्याने तिला उलट विचारले, "कान दुखलो तर काय करशील?" तिने पंजा डोलवून कानाकडे बोट दाखवले. "आनी आंगठो खाली?" तिने नकारार्थी हात हलवला. तेव्हाच तो उठला.

पाण्यात तिसऱ्या-चौथ्या मीटरला तिचा तोच उजवा कान पुन्हा भरला. तिने पंजा डोलवला आणि कान दाखवला. प्रशिक्षकाने तीच खूण तिला परत केली, तिला हातभर वर घेतले, स्वतःच्या मास्कवरून नाक दाबून दाखवले आणि थांबला. त्याने घाई अजिबात केली नाही. कान मोकळा झाल्यावर तिने 'ठीक' दाखवले, त्याने 'ठीक?' असे पुन्हा विचारले, तिने पुन्हा तेच उत्तर दिले, आणि मग ती दोघे खाली गेली. मी तीन मीटरवरून हे सगळे पाहत होते आणि त्यांच्यातला प्रत्येक शब्द मला समजत होता.

परतीच्या होडीत तिने एक तक्रार केली. खडकाच्या कपारीतून बाहेर आलेल्या शेवंडीच्या लांब मिशा तिला दिसल्या होत्या आणि तिला त्या मला दाखवायच्या होत्या, पण शेवंडीची खूण तिला कोणी शिकवली नव्हती. म्हणून तिने दोन्ही तर्जन्या कपाळापाशी धरून हलवल्या. मला तेव्हा काहीच कळले नाही.

पाणकोळी :

शिंपला, तिला सांगा की जगभरचे डायव्हर शेवंडीसाठी जवळपास तीच खूण करतात.